हेमलामावशीच्या तीन सकाळी

आमच्या घरी शेतातलं सगळं अण्णांच्या शब्दानं चालायचं, पण परसात जे काही चोचीनं टिपायचं ते मायचं होतं. अण्णांना एक कोंबडी दुसरीपासून वेगळी ओळखू यायची नाही. माय मात्र दिवस मावळल्यावर खुराड्यात हात घालून, नुसती पाठ चाचपून सांगायची, ही लालडी, ही बुटकी, ही कवडी. सात-आठ कोंबड्या आणि एक तापट कोंबडा. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की त्या एकामागून एक अंग झाडत बाहेर यायच्या आणि माय मूठभर कण्या फेकत म्हणायची, 'चला बायांनो, उजाडलं.' आमच्याशी ती इतकं गोड कधी बोलायची नाही. आम्हाला ती 'उठता का आता?' एवढंच म्हणायची.

त्यातली कवडी सगळ्यांत नावाजलेली. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून कवडी. अंडी घालण्यात ती काही फार पुढं नव्हती, पण एकदा खुडूक होऊन अंड्यांवर बसली की एकवीस दिवस जागची हलायची नाही. दाणा टिपायला उतरायची आणि धावत परत यायची. तिच्याखाली ठेवलेलं अंडं वाया जात नाही अशी ख्याती होती. गावातल्या बाया पदराआड अंडी घेऊन यायच्या, कोळशानं खूण केलेली, आणि मायला म्हणायच्या, 'तुमच्या कवडीखाली ठेवा बाई दोन.' माय आधी नाही-नाही म्हणायची आणि मग ठेवायची. त्या नाही-नाहीत तिला काय सुख होतं ते मला आता, स्वतः चार माणसांच्या उपयोगी पडून निवृत्त झाल्यावर कळतं.

आमचं गाव डोंगरकडा या गावाहून पायी तासाभराच्या वाटेवर. माणूस आजारी पडलं तर डॉक्टरसाठी वारंगा फाटा गाठायचा, बैल आजारी पडला तर त्याहून लांब जायचं, आणि कोंबडी आजारी पडली तर ओढा ओलांडायचा. ओढ्यापलीकडं तांडा होता आणि तांड्यावर हेमलामावशी होती. उंच, वाळलेली, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती येतेय हे ती दिसायच्या आधी त्या बांगड्यांच्या खडखडीवरून कळायचं. आमच्या कोंबड्यांनाही कळायचं. इतर कोणी परसात शिरलं तर त्या पांगायच्या, ती शिरली की नुसत्या माना वर करून बघायच्या.

कोंबडी जे खाते ते आधी तिच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या अंगाला एका पिशवीत साठतं आणि तिथून हळूहळू खाली उतरतं. पुस्तकात तिला अन्नपिशवी म्हणतात, आमच्याकडं नुसतंच पिशवी. हेमलामावशीची सगळी परीक्षा त्या पिशवीची. तिचं म्हणणं असं, की कोंबडी रात्री भरल्या पिशवीनं झोपली तरी सकाळी पिशवी रिकामी लागली पाहिजे. म्हणून चाचपायचं ते सकाळी, दाणा टाकायच्या आधी. भरलेली लागली तर बिघाड. कडक लागली तर आत गोळा झाला, पचपचीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आतलं नासलं. गोळ्याला तिचं औषध ठरलेलं होतं. दाणा बंद. चमचाभर करडईचं तेल कोमट करून थेंबाथेंबानं चोचीच्या कडेनं सोडायचं, कोंबडी मांडीत उभी धरायची आणि दोन बोटांनी पिशवी चोळत राहायची, कणीक मळावी तशी पण निम्म्या जोरानं. हे तीन सकाळी. तिसऱ्या सकाळीही गोळा हलला नाही तर मात्र ती अर्धं ब्लेड काढायची, पिशवीला बोटभर चीर द्यायची, आतला गोळा काढून रेशमाच्या दोऱ्यानं दोन थर वेगवेगळे शिवायची आणि वर हळद लावायची. ती वेळ क्वचित यायची. बहुतेक कोंबड्या तिसऱ्या सकाळपर्यंत उकिरडा उकरायला लागायच्या.

याचं ती काही घ्यायची नाही. रीत एकच होती. बरी झालेली कोंबडी त्यानंतर जे पहिलं अंडं घालील ते हेमलामावशीचं. ते अंडं ती खायची नाही, स्वतःच्या कोंबडीखाली ठेवायची. त्यामुळं तिच्या दारातल्या कोंबड्या म्हणजे आमच्या गावातल्या बऱ्या झालेल्या कोंबड्यांच्या लेकी. माय तिला म्हणायची, 'आमच्या लालडीची पोरगी नीट नांदते का वं तुमच्याकडं?' आणि हेमलामावशी म्हणायची, 'नांदते, पर सासूला चोच मारते. मायवर गेली.'

आता माझं सांगते. मी त्या वेळी नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातच नव्हे, सगळ्या गावात कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. हे मी तेव्हा मिरवत होते, नंतरही मिरवलं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. फाट्यापर्यंत पायी जाऊन एस.टी.त उभं राहून मी ते मिळवलं होतं. लाजण्यासारखं जे आहे ते वेगळं आहे आणि तेच या प्रकरणात लिहायचं आहे. माझा विषय प्राणिशास्त्र. बेडूक चिरून त्याचं हृदय धडधडताना मी पाहिलं होतं. हे मी एकदा घरी जेवताना सांगितलं तेव्हा गंगाकाकू, म्हणजे माझी चुलती, शेजारच्या दारात राहायची, ती म्हणाली, 'बेडूक फाडून भाकर थापता येती का गं, विमे? सासू काय बेडूक खानार हाय?' सगळे हसले. अण्णाही हसले. मी ताटावरून उठले नाही, पण तो घास मला अजून आठवतो. अंबाडीची भाजी होती.

परीक्षेआधी कॉलेजला वाचायची सुट्टी लागली आणि मी पेटीभर पुस्तकं घेऊन घरी आले. हळदीचे दिवस होते. शेतात मोठी काहील मांडलेली, तिच्यात हळद शिजत असायची आणि तिचा उग्र, मातकट वास गावभर पसरलेला. घरातल्या सगळ्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे. भाकरी पिवळी, लुगड्याचे काठ पिवळे, अण्णांच्या मिशीचं टोकसुद्धा पिवळं. माझे हात तेवढे पांढरे. मला कोणी काम सांगायचं नाही. 'ती वाचून राहिली,' एवढं माय म्हणायची आणि माझ्यापुढं तुरीच्या घुगऱ्यांची वाटी सरकवून शेतात जायची. दिवसभर घरी मी आणि कोंबड्या.

हळद भरायची म्हणून परसात पोती सांधायचं काम चाललेलं होतं. सुतळीचे तुकडे सगळीकडं. एका सकाळी सगळ्या कोंबड्या कण्यांवर तुटून पडल्या आणि कवडी तेवढी बाजूला मान ताणून उभी राहिली. मधूनच मान झटकायची, चोच उघडायची आणि मिटायची. मायनं तिला उचललं, गळ्याखाली हात लावला आणि मला हाक मारली नाही, गंगाकाकूला मारली नाही, सरळ ओढ्याच्या वाटेला लागली.

हेमलामावशी आली, जमिनीवर मांडी घालून बसली, कवडीला मांडीत घेतलं. मी पुस्तक हातात धरून चौकटीत उभी. तिनं मला बोलावलं. 'ये गं, बाई. तू शिकून राहिली ना? दे हात. लाव बोट इथं. काय लागते?'

मी बोट लावलं. 'लिंबाएवढं काहीतरी. कडक आहे.'

'व्हय. सुतळी हाय ही. दान्याचा गोळा असा लागत न्हाई, त्याला दाबलं तर बोट उमटतं.'

मी म्हणाले, 'एक्स-रे काढल्याशिवाय कसं सांगता मावशी?' आणि हसले. ते हसू मला ऐकू येतं अजून.

तीही हसली. 'नांदेडात काढत असतील बाई कोंबडीचे फोटू. तांड्यावर बोटच हाय.' माय खळखळून हसली. मला तेवढंही झोंबलं.

तेल पाजून, चोळून झाल्यावर तिनं कवडीला बांबूच्या डालग्याखाली ठेवलं आणि मायला बजावलं, 'तीन सकाळी. दाना टाकू नका. उद्याच्याला नरम लागंल, पान्यावानी हलंल, तोंडाला वास बी येईल. भ्यायचं न्हाई. गोळा सुटून राहिला म्हनायचं. धरली तर उभीच धरा, उलटी करू नका. परवा येते मी.' मी तिथंच होते. हे सगळं मी ऐकलेलं आहे. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं सांगितलं तसंच झालं. पिशवी मऊ पडलेली, आत पाणी भरल्यासारखी, आणि चोचीतून नासलेल्या ताकाचा वास. माय तेल पाजून, चोळून शेतात गेली. जाताना म्हणाली, 'हात लावू नको, विमे. राहू दे तशीच.' आणि मी पुस्तक उघडलं. कॉलेजच्या वाचनालयातून मी एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, पाळीव पक्ष्यांच्या रोगांचं. अभ्यासाला नव्हतं, जाड होतं म्हणून आणलं होतं. गावात इंग्रजी पुस्तक वाचणारी मी एकटी, आणि त्यात अन्नपिशवीवर अर्धं पान सापडलं. पिशवी मऊ, पाण्यानं भरलेली, वास येणारी असेल तर आतलं नासलेलं असतं. पक्ष्याचं डोकं खाली करून ती दाबून रिकामी करावी. पान तिथं संपत होतं. मी पुस्तक मिटलं.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं ते मी नीट सांगू शकते, कारण त्याचं चित्रच माझ्यापुढं उभं होतं. संध्याकाळी सगळे पिवळ्या हातांनी परत येताहेत. कवडी अंगणात दाणे टिपतेय. गंगाकाकू विचारतेय, ही बरी कशी झाली? आणि मी पुस्तकातून मान वर न करता म्हणतेय, अगं काही नाही, आतलं नासलं होतं, काढून टाकलं. एवढंच. कोंबडीची दया त्या चित्रात कुठंच नव्हती.

न्हाणीच्या दगडावर मी तिला घेऊन बसले. पाय घट्ट धरले, उलटी केली आणि दाबलं. घाण पाणी भसकन बाहेर आलं. त्या पाण्यात सुतळीचे दोन तुकडे होते, मऊ झालेले, तेलानं माखलेले. म्हणजे हेमलामावशीचं बोट खरं होतं आणि तिचं तेल लागू पडत होतं. ते त्या दगडावर माझ्यापुढं पडलं होतं आणि मला ते दिसलं. पण मला वाटलं, मी काढले. मी आणखी दाबलं. तिनं पंख फडफडवले, मला वाटलं आणखी येतंय. मग तिच्या घशातून खरखर असा एक आवाज आला, पाण्यात बुडालेल्या भांड्यातून हवा सुटावी तसा, आणि पंख पसरून तसेच राहिले. मी तिला सरळ केलं, पाठीवर थापटलं, 'कवडे, कवडे' म्हटलं. तिची मान माझ्या मनगटावरून खाली लोंबली. तुरा निळा पडलेला. सगळं मिळून पाणी तापायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. चुकीबद्दल मी इतकी वर्षं अशी झुरले नसते. पुढं जे केलं ते चूक नव्हती. मी बादलीभर पाणी ओतून दगड धुतला. सुतळीचे ते दोन तुकडे उचलून चुलीत घातले. कवडीची चोच पोलक्याच्या बाहीनं पुसली, पाय पोटाखाली दुमडले, मान पंखात घातली आणि झोपल्यासारखी डालग्याखाली ठेवली. मग हात न धुता पुस्तक घेऊन बसले. हात धुवायचं का राहिलं ते मला आजही कळत नाही; रात्री जेवणापुरते ते नुसते ओले केले. बाकी सगळं मला बरोबर सुचलं होतं.

संध्याकाळी मायनं डालगं उचललं. गंगाकाकू मागंच होती.

'काहून गं?' मायनं विचारलं. मला नव्हे, कवडीलाच विचारल्यासारखं.

मी आतून म्हणाले, 'तेल जास्त पाजलं असेल. श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसात उतरतं. मग पक्षी गुदमरून मरतो.'

ते वाक्य शास्त्रानुसार खरं होतं. कवडी तशीच मेली होती. माझ्या हातून जे झालं त्याचं मी इतकं अचूक वर्णन केलं आणि फक्त नाव दुसरीचं घातलं.

'म्हंजी तेलानं मारली म्हन की,' गंगाकाकू म्हणाली.

'तसंच असणार.'

'अगं बया. आन आपुन सगळ्या तिच्याच दारात जाऊन राहिलो.' आणि पहिल्यांदाच ती मायकडं वळून माझ्याबद्दल चांगलं बोलली. 'शिकलेलं माणूस घरात असावं बाई. कळतं तरी काय झालं ते.'

या ठिकाणी मी आयुष्यभर थांबत आले आहे. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? माय रागावली असती. काकू चार दिवस बेडूक-बेडूक करत बसली असती. अण्णा हसले असते. माझं कॉलेज सुटणार नव्हतं, लग्न अडणार नव्हतं, कोणी हात उगारणार नव्हतं. नुसतं थोडं हसू झालं असतं. तेवढं हसू मला नको होतं, एवढीच त्या खोट्याची किंमत आणि एवढंच त्याचं कारण.

तिसऱ्या सकाळी बांगड्यांची खडखड ऐकू आली. तिला कोणी निरोप धाडला नव्हता. मायनं कवडीला शेवग्याखाली पुरलं होतं. गंगाकाकू आणि शेजारच्या दोघी आमच्या अंगणात काहीतरी निमित्त काढून उभ्याच होत्या.

'कुठं हाय आमची म्हातारी?' हेमलामावशीनं डालग्याकडं बघत विचारलं.

'शेवग्याखाली,' काकू म्हणाली. 'तेल पाजून मारली तुमी. ह्या विमीनं सांगितलं. छातीत उतरलं तेल.'

हेमलामावशीनं मायकडं पाहिलं. माय खाली बघत होती. मग ती माझ्याकडं वळली. चिडून नव्हे. एखाद्या परीक्षेचा निकाल विचारावा तसं तिनं विचारलं, 'खरं का गं बाई? तेल तिकडं जाते?'

'हो,' मी म्हणाले. 'पुस्तकात आहे.'

तिनं आपला उजवा हात पुढं धरला आणि त्याची दोन बोटं एकमेकांवर घासून पाहिली, तेल किती चिकट असतं ते अजमावल्यासारखी. मग माझ्या हातांकडं तिची नजर गेली. ती मायला म्हणाली, 'पोरीला हात धुवायला पानी द्या, बाई. वास येऊन राहिला.' आणि ओढ्याकडं निघून गेली. या वेळी कोंबड्या तिच्या मागंमागं खुराड्याच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या.

त्यानंतर गावातल्या कोणी बाईनं आजारी कोंबडी ओढ्यापलीकडं नेली नाही. कोंबडी मान झटकायला लागली की तिचं कालवण करायचं, असं होऊन गेलं. 'हेमलाबाईला दाखवू का?' असं कोणी म्हणालंच तर दुसरी म्हणायची, 'शिकलेल्या पोरीनं सांगितलं, ती तेलानं मारते.' माझं शिक्षण गावाच्या उपयोगी पडलेली ती पहिली वेळ. मायनं नंतर खुडूक कोंबड्या बसवल्या, पण दुसऱ्यांची अंडी ठेवणं बंद केलं. मला तिनं कधी काही विचारलं नाही. दगड कोणी धुतला हे तिला दिसलं असेल का, मला माहीत नाही. ती गेली तेव्हाही मी विचारलं नाही.

पुस्तक परत करायचं म्हणून नांदेडला जाताना एस.टी.त मी ते उघडलं आणि पान उलटलं. पुढच्या पानावर पहिलीच ओळ होती: हे क्षणभरच करावं, मध्ये पक्ष्याला सरळ करून श्वास घेऊ द्यावा, नाहीतर पाणी श्वासनलिकेत जाऊन तो तत्काळ मरतो, सराव नसलेल्यानं करू नये. मी ते पुस्तक खिडकीशी धरून तीनदा वाचलं. मग पास झाले. पेढे वाटले गेले. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवलं, एवढी वर्षं शिकवलं की माझ्या विद्यार्थिनींच्या मुलीही माझ्या वर्गात आल्या. पक्ष्याची पचनसंस्था फळ्यावर काढताना अन्नपिशवीला मी लाल खडू वापरायचे आणि तो भाग घाईनं उरकायचे.

मध्यंतरी एकदा मी तांड्यावर गेले होते. नोकरी लागल्यावरची गोष्ट. सोबत एक लुगडं घेतलं होतं. हेमलामावशीनं ते हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, 'हे काहून?' मी म्हणाले, 'सहज. नोकरी लागली म्हणून.' तिनं मला गूळ-पाणी दिलं, माझी विचारपूस केली आणि लुगडं ठेवून घेतलं. तिच्या दारात कोंबड्या होत्या की नव्हत्या हे मला आठवत नाही. मी पाहिलंच नसावं. परत येताना स्वतःला समजावलं, तिला सगळं माहीत आहे. त्या दिवशी हातांकडं बघून तिला कळलं होतं. सगळ्या बायांपुढं तिनं मला झाकलं, 'हात धुवायला पानी द्या' म्हणाली ते त्याचसाठी. तिनं मला केव्हाच माफ केलंय. या एका वाक्यावर मी चाळीस वर्षं काढली. हेमलामावशी गेल्याचं कळलं तेव्हाही मी तेच वाक्य काढून मनाशी धरलं.

गेल्या वर्षी गावच्या शाळेनं मला बोलावलं. गावातली पहिली पदवीधर मुलगी म्हणून सत्कार. भाषणात हे सांगायचं असं मी घरून ठरवून निघाले होते. माईकपुढं उभी राहिले, समोर मुली ओळीनं बसलेल्या, आणि मी म्हणाले की पुस्तकाइतका खरा मित्र नाही. टाळ्या पडल्या.

सूत्रसंचालन करणारी शिक्षिका तिशीतली होती, चुणचुणीत. कार्यक्रम संपल्यावर ती व्हरांड्यात माझ्याजवळ आली आणि वाकून पाया पडली. 'मॅडम, मी ओढ्यापलीकडची. हेमलाबाईची नात, सुनीता. आजी तुमचं नाव लई घ्यायची.'

माझ्या अंगावर शाल होती आणि हातात नारळ. मी विचारलं, 'काय म्हणायची?'

'म्हणायची, मी आयुष्यभर कोंबड्यांना तेल पाजलं. त्यातल्या ज्या मेल्या त्या मीच मारल्या असतील, आन मला ठावं न्हवतं. शिकलेल्या पोरीनं सांगितलं तवा कळलं.' सुनीता हसून सांगत होती, एखाद्याची जुनी आठवण सांगावी तशी. 'त्यानंतर तिनं कोणाच्याच कोंबडीला हात लावला नाही. आमच्या घरच्यासुद्धा. कोंबड्या ठेवणंच सोडलं तिनं. मला शाळेत घातलं तेही तुमच्यामुळं. म्हणायची, आपल्या बोटावर भरवसा ठेवू नको, पुस्तकात बघ.'

मी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. मग तिला सांगितलं. दगड, सुतळीचे तुकडे, चूल, बाही, सगळं. कवडी पिशवीच्या आजारानं मेली नाही आणि तेलानंही नाही. तुझ्या आजीचं औषध लागू पडलं होतं. तिच्या तिसऱ्या सकाळी कवडी बरी होऊन उकिरड्यावर गेली असती आणि तिचं पहिलं अंडं तुमच्या घरी आलं असतं.

सुनीताच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही. माझं झाल्यावर ती म्हणाली, 'हे आजीला सांगायला पाहिजे होतं, मॅडम.'

'हो,' मी म्हणाले.

आत पंगत बसत होती. मुली पत्रावळ्या मांडत होत्या. ती गेली, मला वाटलं ती आता येणार नाही. पण ती तांब्या घेऊन परत आली आणि पायरीच्या कडेला उभी राहिली. 'हात धुऊन घ्या. जेवायला बसायचं.'

मी नारळ खाली ठेवला आणि हात पुढं केले. तिनं पाणी ओतलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, पाण्याच्या धारेकडं बघत होती, शिंतोडे साडीवर उडू नयेत म्हणून. त्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं. पंगत बसली होती म्हणून तिनं हात धुवायला सांगितलं. तिच्या आजीनंही त्या दिवशी एवढंच सांगितलं होतं. माझ्या हाताला वास येत होता.